दोन फ्रेटच्या मधला सूर

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवलेल्या असतात. प्रत्येक फ्रेटला ठरलेला सूर, पेटीसारखाच. ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकाराला मात्र नेमका हवा असतो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे रेंगाळणारा गंधार. तो पेटीत नाही, फ्रेटवरही नाही. मग वादक दाबलेली तार बोटाने आडवी ढकलतो. याला बेंड म्हणतात. सतार ऐकलेल्यांना ही मींड लगेच ओळखू येईल.

तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सा वरून रे वर जायला ती 12 टक्के वाढली की पुरते, पण त्यासाठी ताण 26 टक्के वाढवावा लागतो. दहा नंबरची (म्हणजे 0.010 इंच जाडीची) पहिली तार साधारण 7 किलोच्या ताणावर असते. असा बेंड घेतला की तो 9 किलोच्या आसपास जातो. आणि तार लांबते किती? जेमतेम एक-दीड मिलिमीटर! तेवढ्यात कुठे थांबायचं हे फक्त कान सांगतो. नवशिका बेसूर होतो तो इथेच. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तर तेरा नंबरच्या जाड तारा लावायचा. त्या अर्धा स्वर उतरवून ठेवायचा म्हणून ताण 11 टक्क्यांनी कमी व्हायचा. तरी बोटांचे हाल व्हायचेच.

मिसिसिपीत 1925 साली जन्मलेल्या ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगला स्लाइड, म्हणजे तारेवर नळी घासून वाजवणं, जमत नव्हतं. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट त्यात तरबेज. तो थरथरता आवाज किंगने नुसत्या बोटाने काढला. त्याचा डावा हात बघावा: तर्जनी तारेवर रोवलेली, मनगट झुलतंय, बाकीची बोटं पंखासारखी पसरलेली. यात एक गोम आहे. तार ढकलली की ताण फक्त वाढतो, म्हणून हा कंप मूळ सुराच्या वरच राहतो. गायकाचा कंप सुराच्या दोन्ही बाजूंना जातो. गिटारवर तसा हवा असेल तर आधी बेंड करून वर जायचं आणि मग तिथे तार हलवायची.

पण एवढं सगळं करायला सूर टिकायला हवा, आणि छेडलेली तार तर लगेच विझू लागते. इथे अॅम्प्लिफायर मदतीला येतो. झेपणार नाही इतका संकेत आला की व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अॅम्प लहरींचे माथे छाटतो. अभियंत्यांच्या लेखी हा दोषच. पण छाटलेल्या लहरीत वरचे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले सूर) वाढतात, आवाज खरखरीत, भरदार होतो. शिवाय जोरात छेडलेली आणि विझत आलेली तार जवळपास सारखीच मोठी ऐकू येते. 1966 मध्ये लंडनच्या स्टुडिओत गिटारवादक एरिक क्लॅप्टनने मार्शल कंपनीच्या अॅम्पचा आवाज मुद्दाम असाच चढवून ठेवला होता.

त्यातून वादक स्पीकरसमोर उभा राहिला, तर तिथून निघालेला आवाज तारेलाच पुन्हा हलवू लागतो. मग तो तळवा ठेवून तार दाबेपर्यंत सूर सुरूच राहतो.