पाटीवरचा 'स्पॉन्सर': केनियाच्या खेड्यातली शाळा आणि मदतीला आलेला ख्रिस्ती स्वयंसेवक

सोमवारी सकाळी झेंडा चढतो, राष्ट्रगीत होतं आणि लगेच वरच्या वर्गातली एखादी मुलगी पुढे येऊन प्रार्थना सांगते. केनियाच्या राष्ट्रगीताची सुरुवातच देवाला हाक मारून होते, त्यामुळे एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे नवख्याला कळत नाही. आपल्या चर्चच्या मंडळीच्या ओळखीने दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या स्वयंसेवकाला वाटतं, ही चर्चची शाळा. पण शिक्षकांचा पगार सरकारचा, अभ्यासक्रम सरकारचा, परीक्षाही सरकारची. तरी फाटकावरच्या पाटीवर शाळेच्या नावाखाली 'स्पॉन्सर' लिहून पुढे चर्चचं नाव रंगवलेलं असतं. या एका शब्दामागचा इतिहास कळला, की तिथल्या दिवसाचा बराच उलगडा होतो.

सुरुवात किनाऱ्यावर झाली आणि तिच्यात नाशिकचा मोठा वाटा आहे. हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, याचं वाईट वाटतं. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, तिथेच सुतारकाम, लोहारकाम आणि वाचन शिकली. 1864 मध्ये त्यांच्यातले काही मोंबासाजवळच्या रबईला गेले. 1875 मध्ये मोंबासासमोर मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, तेव्हा शिकवायला आणि बांधकामाला हीच माणसं पुढे होती. वसाहतीला मुंबईच्या एका माजी गव्हर्नरचं नाव मिळालं, फ्रेरेटाउन. तिथल्या नाक्याला आजही 'केंगेलेनी' म्हणतात, म्हणजे घंटेपाशी.

मिशन पुढे डोंगराळ मुलखात शिरलं, तेव्हा किकुयू भाषेत ख्रिस्ती झालेल्यांना 'अथोमी' म्हणू लागले. अथोमी म्हणजे वाचणारे. शाळा आणि चर्च अशी एकच गोष्ट होती. 1929 च्या सुमाराला मुलींच्या सुंतेवरून मिशनशी बिनसलं, तेव्हा लोकांनी स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या, कारण मिशनचं चर्च सोडलं की शाळाही सुटत होती.

आता तो शब्द. 1963 च्या स्वातंत्र्यापर्यंत खेड्यांतल्या बऱ्याचशा शाळांचं व्यवस्थापन चर्चकडेच होतं. 1968 च्या शिक्षण कायद्याने ते काढून घेतलं. शेजारच्या टांझानियाने पुढच्याच वर्षी मिशनच्या शाळा सरळ सरकारजमा करण्याचा कायदा केला. केनियाने मधला रस्ता धरला. शाळा सार्वजनिक झाली, जमीन बऱ्याच ठिकाणी चर्चकडेच राहिली, आणि जुन्या चालकांना 'स्पॉन्सर' म्हणायचं ठरलं. म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा पुरतं ठरलं नाही. मुख्याध्यापक कुणाला हवा, वसतिगृहात कुठली उपासना, पडीक जमिनीवर मका कुणी लावायचा, यावरून भांडणं होत राहिली.

2013 च्या कायद्याने स्पॉन्सरची कामं लिहून दिली. समितीवर प्रतिनिधी, अभ्यासक्रमाबाबत शिफारशी, मुलांच्या आध्यात्मिक वाढीकडे लक्ष, स्वखर्चाने धर्मगुरू, शिवाय पैसा आणि इमारतीची मदत. इतरांच्या श्रद्धेला धक्का न लावण्याची अटही त्यातच आहे. ती किती नाजूक आहे ते केनियातल्या इसिओलो इथल्या एका शाळेत दिसलं. मुस्लिम मुलींना गणवेशासोबत हिजाब घालू द्यायचा की नाही, यावर स्पॉन्सर चर्च न्यायालयात गेलं. 2016 मध्ये अपील न्यायालयाने मुलींच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तांत्रिक कारणावर रद्द केला आणि नियम ठरवायचं काम शाळेच्या मंडळाकडे सोपवलं. माझ्या मते मूळ प्रश्न तसाच राहिला, आणि स्पॉन्सर या शब्दाचं वजन मात्र वाढलं.

फीचा इतिहास थोडक्यात. 1974 मध्ये खालच्या चार इयत्तांची फी माफ झाली, मागोमाग इमारत निधीच्या नावाने वर्गणी सुरू झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खर्चाचा वाटा पुन्हा पालकांवर आला. जानेवारी 2003 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि पटसंख्या सुमारे 59 लाखांवरून 72 लाखांवर गेली. सरकार दर मुलामागे वर्षाला 1,020 शिलिंग देऊ लागलं. वर्ग आणि शिक्षक त्या वेगाने वाढले नाहीत. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाला जागा झाली ती या तुटवड्यामुळे.

पण जागा असली तरी वर्ग त्याचा नाही. 2012 च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या माणसाला शाळेत शिकवता येत नाही, आणि बिनपगारी काम असलं तरी धार्मिक-धर्मादाय कामाचा परवाना लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन फळ्यासमोर उभं राहणं चूकच आहे, आणि पाठवणाऱ्या मंडळींनी हे आधी स्पष्ट सांगायला हवं. म्हणून त्याचा दिवस बाजूच्या कामांत जातो. दहाच्या सुट्टीत उजीची, म्हणजे पातळ पेजेची, मोठी सुफुरिया, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवायला हात लावायचा. दुपारी गिथेरी, म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला, वाढायचा. ग्रंथालयातल्या पुस्तकांना पुठ्ठे घालायचे, मागे पडलेल्या चार मुलांना झाडाखाली घेऊन बसायचं. भारतातून आलेला असेल तर मुलं त्याला 'म्हिंदी' म्हणतात, त्यात दुखावण्यासारखं काही नाही. 2023 पासून नव्या रचनेतली कनिष्ठ माध्यमिकची सातवीही प्राथमिक शाळेच्याच आवारात भरू लागल्याने जुन्या खोलीची प्रयोगशाळा करायचं कामही त्याच्याकडे येतं.

याच आवारात 'स्पॉन्सर' आणखी एका अर्थाने ऐकू येतो. परदेशातलं एखादं कुटुंब एका मुलाचा खर्च उचलतं, तेही त्या मुलाचे स्पॉन्सर. स्वाहिलीत 'म्फाधिली'. मुलांची पत्रं लिहून घ्यायचं काम हमखास स्वयंसेवकाकडे येतं. एका बाकावर दोघी बसतात, एकीच्या पायात नवे बूट असतात, दुसरीच्या नाहीत, आणि पत्र एकीनेच लिहायचं असतं. मला या मदतीतला हाच भाग सगळ्यात अवघड वाटतो.

वेळापत्रकात आठवड्याला एक तास धर्मशिक्षणाच्या मार्गदर्शनाचा असतो. त्या दिवशी स्पॉन्सर चर्चचे पाळक येतात. दुसऱ्या पंथांची आणि मुस्लिम मुलं तेवढा वेळ कुठे बसणार, हे पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारून ठेवावं.