स्टॅटिक आयपी आणि डीएचसीपी रिझर्वेशन: पत्ता कोण लिहितो?

फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात राउटर वसरीत आणि लिनक्सचा संगणक माजघरात. मधे राजांगण आणि चिऱ्याच्या जाड भिंती, त्यामुळे वायफायचा नाद पहिल्याच दिवशी सोडला आणि वाशांच्या कडेने तार ओढली. संगणक म्हणजे माझा जुना लॅपटॉप. त्यावर उबुंटू सर्व्हर टाकून भजनांची जुनी रेकॉर्डिंगं ठेवली आणि बाबांच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये त्याचा पत्ता भरून दिला: 192.168.1.50. हा पत्ता बदलला की बाबांची सकाळ बिघडते. तेव्हा तो पक्का हवा.

पक्का करायच्या वाटा दोन, आणि बहुतेक जण दोन्हींना ‘स्टॅटिक आयपी’च म्हणतात. (तिसरा घोळ वेगळाच. इंटरनेट कंपनीला फोन करून ‘स्टॅटिक आयपी हवा’ म्हटलंत, तर ते महिन्याचे जादा पैसे सांगतील. तो पत्ता राउटरच्या बाहेरच्या अंगाचा. घरातल्या घरात भजन ऐकायला त्याचा काडीचा उपयोग नाही.)

चवथीची पंगत डोळ्यांसमोर आणा. एका घरात यजमान आधीच ठरवतो, खांबाकडचा पाट काकांचा. काका येतात, विचारतात, यजमान पाट दाखवतो. हे रिझर्वेशन. दुसऱ्या घरात काका कोणाला न विचारता येऊन खांबाकडे बसतात. रोज तिथेच बसतात म्हणून जागा पक्की वाटते, पण यजमानाच्या यादीत तिची नोंद नाही. हा खरा स्टॅटिक.

रिझर्वेशनमध्ये लिनक्सला काही कळत नाही. तो नेहमीसारखा डीएचसीपीने, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, राउटरकडे पत्ता मागतो. राउटर त्याच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डावर कोरलेला ओळख क्रमांक) ओळखतो आणि दर वेळी तोच आकडा देतो. नोंद राउटरमध्ये, आणि ती केल्यावर लॅपटॉप एकदा पुन्हा जोडावा लागतो, नाहीतर जुना पत्ताच चालू राहतो. ‘आयपी ए’ ही आज्ञा दिली तर पत्त्याच्या ओळीत ‘डायनॅमिक’ दिसतं आणि खाली पत्त्याची मुदत संपायला उरलेले सेकंद. हे बघून ‘माझं रिझर्वेशन लागलंच नाही’ असं वाटणारे पुष्कळ भेटतात. लागलेलं असतं. पत्ता उसनाच आहे, फक्त दर वेळी तोच मिळतो. खऱ्या स्टॅटिकला ‘डायनॅमिक’ शब्द नसतो आणि मुदतीच्या जागी ‘फॉरेव्हर’ येतं.

एक खोच मात्र आहे. तारेचा मॅक वेगळा, वायफायचा वेगळा. तार काढून वायफायवर गेलात की राखलेला पाट गेला. शिवाय उबुंटू सर्व्हर पत्ता मागताना मॅकऐवजी स्वतःची वेगळी ओळख पाठवतो, आणि काही राउटर त्यामुळे गोंधळतात. नेटप्लॅनच्या (उबुंटूत नेटवर्कची मांडणी लिहायच्या) फाइलमध्ये ओळख म्हणून मॅकच वापरायला सांगितलं की हे सुटतं. माझी एक अख्खी संध्याकाळ याच्यात गेली.

स्टॅटिकमध्ये सगळं आपण लिहायचं: पत्ता, त्यापुढचा /24 (घरचं नेटवर्क केवढं ते), गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडा सांगणारा). शेवटचा विसरलात तर मजा बघा. 8.8.8.8 या गूगलच्या पत्त्याला पिंग (पोच तपासणारी हाक) व्यवस्थित जातो, पण एकही साइट उघडत नाही. आणि निवडलेला पत्ता राउटर ज्या पट्ट्यातून वाटप करतो त्याच्या बाहेरचा हवा. राउटर शेवटचा आकडा 100 ते 200 असलेले पत्ते वाटत असेल तर 50 ठीक. 120 घेतलात, तर कधीतरी पाहुण्याच्या फोनलाही 120 मिळेल आणि दोघेही मधूनमधून तुटतील. हा दोष शोधणं फार छळतं, कारण पाहुणा गेला की सगळं आपोआप बरं होतं. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (दुरून आज्ञा द्यायच्या सोयीने) हे बदल करत असाल तर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. 120 सेकंदांत तुम्ही होकार दिला नाहीत तर ते जुनी मांडणी परत आणतं.

मी सुरुवातीला स्टॅटिकच केला होता. गेल्या पावसात वीज पडली, राउटर जळाला. नवा आला तो 192.168.0 चे पत्ते वाटणारा. बाबांचा फोन पाच मिनिटांत नव्या घडीत बसला. लॅपटॉप मात्र 192.168.1.50 धरून बसलेला, गेटवे म्हणून मेलेल्या राउटरचा पत्ता कवटाळून. तारेचा दिवा लुकलुकत होता. “तुझी ती पेटी बोलत नाही रे,” बाबांनी मला पणजी शहरात फोन करून सांगितलं. झाकण उघडून हात लावल्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून शनिवारी घरी जावं लागलं.

रिझर्वेशन असतं तर? नोंद जुन्या राउटरबरोबर जळालीच असती. पण लॅपटॉपने नव्याकडे पत्ता मागितला असता, काहीतरी मिळालं असतं, आणि राउटरच्या यादीत त्याचं नाव दिसलं असतं. मग बाबांना फोनवरच नवा आकडा सांगता आला असता.

म्हणून आता त्या लॅपटॉपला रिझर्वेशनच आहे. स्टॅटिक मी एकाच यंत्रासाठी ठेवीन: जे घरातल्या सगळ्यांना डीएनएस किंवा डीएचसीपी पुरवतं. पाय-होल (घरभरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) चालवणारा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घ्या. वीज गेली-आली की तो कित्येकदा राउटरच्या आधी उठून बसतो, आणि डीएचसीपीचं कामही त्याच्याकडेच असेल तर त्याला पाट दाखवणार कोण?