सीआयएच्या आधीचा वकील : विल्यम डोनोव्हन

सीआयएची गोष्ट सांगताना बहुतेक जण १९४७ पासून सुरुवात करतात. त्या वर्षीच्या २६ जुलैला ट्रूमनने राष्ट्रीय सुरक्षा कायद्यावर सही केली आणि संस्था जन्माला आली. कागदोपत्री हे बरोबर आहे. पण या संस्थेच्या सवयी, तिच्या खोडी आणि तिचे वैरीसुद्धा त्याआधीचे आहेत. ते सगळं तिला ‘ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस’, म्हणजे ओएसएस, या युद्धकालीन हेरखात्याकडून वारशात मिळालं. आणि ओएसएस म्हणजे तिचा प्रमुख विल्यम जोसेफ डोनोव्हन, असं म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

डोनोव्हनचा जन्म १ जानेवारी १८८३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. आजोबा आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातून आलेले, वडील रेल्वेच्या यार्डात कामाला. अमेरिकेत तेव्हा आयरिश कॅथलिक असणं म्हणजे वरच्या वर्तुळाचे दरवाजे अर्धेच उघडे असणं. पोरगा कोलंबिया विद्यापीठात गेला, फुटबॉलच्या संघात खेळला आणि वकील होऊन १९०७ मध्ये बाहेर पडला. फ्रँकलिन रूझवेल्ट तेव्हा तिथेच कायदा शिकत होता. दोघांची मैत्री वगैरे काही नव्हती. एक हडसनकाठच्या जमीनदाराचा मुलगा, दुसरा यार्डातल्या नोकरदाराचा. बफेलोत वकिली जमली, नॅशनल गार्डची घोडदळाची तुकडी उभी केली, १९१४ मध्ये गावातल्या बड्या रम्सी घराण्यातल्या रूथशी लग्न झालं. वर चढण्याचा जिना सापडला होता.

मग पहिलं महायुद्ध आलं. न्यूयॉर्कची जुनी आयरिश पलटण, एकोणसत्तरावी, आता १६५ वी इन्फन्ट्री म्हणून फ्रान्सला गेली आणि तिच्या पहिल्या बटालियनचा मेजर होता डोनोव्हन. तो आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हता, उलट त्याचं बोलणं हळू आणि मवाळ असे. तरी नाव पडलं ‘वाइल्ड बिल’. सांगतात ते असं, की सरावात धावून धावून शिपाई आडवे झाले तेव्हा हा म्हणाला, तुमच्याएवढंच ओझं माझ्याही पाठीवर आहे आणि मला धाप लागलेली नाही. मागून कुणीतरी ओरडलं, ‘आम्ही तुझ्यासारखे वेडेपिसे नाही, बिल!’ जुलै १९१८ मध्ये उर्क नदीच्या लढाईत त्याचं धैर्य नोंदलं गेलं. कवी जॉइस किल्मर त्याच लढाईत पडला. ऑक्टोबरमध्ये लांद्र-ए-सँ-जॉर्जच्या काटेरी तारांपुढे मशीनगनची गोळी पायात घुसली. डोनोव्हनने मागे जायला नकार दिला आणि पडल्या जागेवरून हुकूम देत राहिला. हल्ला शेवटी फसलाच, पण या कामगिरीबद्दल त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. ते पदक त्याने पलटणीकडेच सोपवलं. अधिकाऱ्याने सर्वांत पुढे असावं ही त्याची इथली समजूत पुढे हेरखात्यातही त्याला सोडून गेली नाही, आणि तिथे ती फार महागाची होती.

युद्धानंतरची वकिलीची वर्षं चरित्रकथांमध्ये पटकन उरकली जातात. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. १९२२ मध्ये तो पश्चिम न्यूयॉर्कचा सरकारी वकील झाला. दारूबंदीचे दिवस होते. १९२३ मध्ये त्याच्या माणसांनी बफेलोच्या सॅटर्न क्लबवर धाड घातली. गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांचा हा क्लब, आणि डोनोव्हन स्वतः त्याचा सभासद! सासरच्या वर्तुळात काय गहजब झाला असेल याची कल्पना करावी. कायदा आयरिश गुत्त्याला एक आणि क्लबाला दुसरा नसतो, हे दाखवायची हौस त्याला होती. त्याची किंमत त्याने मोजली.

१९२४ मध्ये तो वॉशिंग्टनला न्याय खात्यात गेला. तिथल्या तपास विभागाची (पुढची एफबीआय) सूत्रं तेव्हा नुकतीच एका तरुणाच्या हाती आली होती. त्याचं नाव जे. एडगर हूव्हर. काही काळ डोनोव्हन त्याचा नावापुरता का होईना वरिष्ठ होता. दोघांचं एक दिवस जमलं नाही. हूव्हर फाइल कधी बंद करत नसे, आणि डोनोव्हनची फाइल त्याने पुढची तीसेक वर्षं उघडी ठेवली. १९२८ मध्ये हर्बर्ट हूव्हर (हा राष्ट्राध्यक्ष, वेगळा हूव्हर) निवडून आला, तेव्हा ॲटर्नी जनरलपद आपल्याला मिळणार असं डोनोव्हन धरून चालला होता. मिळालं नाही. चिडून त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःची फर्म काढली. बड्या कंपन्यांचे मक्तेदारीविरोधी कायद्याखालचे खटले ही तिची खासियत. असे खटले एका साक्षीदारावर उभे राहत नाहीत. हिशेब, पत्रव्यवहार, बाजारभाव यांचे ढीग चाळून त्यातून एक सलग गोष्ट बांधावी लागते. १९३२ मध्ये तो रिपब्लिकन पक्षातर्फे न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि हर्बर्ट लीमनकडून हरला.

असा विरोधी पक्षातला माणूस रूझवेल्टच्या कामी कसा आला? दुवा होता फ्रँक नॉक्स, रूझवेल्टने १९४० मध्ये मंत्रिमंडळात घेतलेला रिपब्लिकन नौदलमंत्री. फ्रान्स पडला होता. लंडनमधला अमेरिकेचा राजदूत जोसेफ केनेडी कळवत होता की इंग्लंड काही टिकत नाही. दुसरं मत हवं म्हणून जुलैत डोनोव्हनला पाठवलं. इंग्रजांनी त्याच्यापुढे सगळी दारं उघडली. चर्चिल भेटला, राजा भेटला, गुप्तचर प्रमुख स्ट्युअर्ट मेन्झीस भेटला. परत येऊन त्याने सांगितलं, टिकतील, पण मदत लागेल. इंग्रजांना नेमकं हेच पोचवायचं होतं, हेही खरं. न्यूयॉर्कमध्ये बसलेला त्यांचा हस्तक विल्यम स्टीफन्सन पुढे अमेरिकेने स्वतःची मध्यवर्ती गुप्तचर यंत्रणा उभारावी आणि तिच्यावर डोनोव्हन असावा यासाठी खटपट करत राहिला. ११ जुलै १९४१ ला रूझवेल्टने त्याला ‘माहिती समन्वयक’ नेमलं. पर्ल हार्बरनंतर, १३ जून १९४२ ला, त्याच कचेरीची ओएसएस झाली.

इथे वकील दिसतो. नवं हेरखातं उघडताना डोनोव्हनने आधी प्राध्यापक गोळा केले. संशोधन आणि विश्लेषण शाखेत हार्वर्डचा इतिहासकार विल्यम लँगर याच्या हाताखाली अर्थतज्ज्ञ, भूगोलतज्ज्ञ, इतिहासकार असे शेकडो जण बसले. हर्बर्ट मार्क्यूजसारखे जर्मनीतून परागंदा झालेले मार्क्सवादी त्यात होते, पुढे शांततेचं नोबेल मिळवणारा राल्फ बंचही होता. ही मंडळी जर्मन वर्तमानपत्रांतल्या अधिकाऱ्यांच्या मृत्युवार्ता मोजून जर्मन सैन्याच्या हानीचा अंदाज काढत. बहुतेक गुपितं ग्रंथालयात उघडी पडलेली असतात, वाचणारा पाहिजे, ही दृष्टी न्यायालयासाठी कागद लावणाऱ्याची. ओएसएसचं सर्वांत टिकाऊ काम हेच, असं मला वाटतं. पॅराशूटवाल्यांचं नाव मात्र जास्त झालं.

त्या पॅराशूटवाल्यांचा हिशेब संमिश्र आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये बसलेल्या ओएसएसच्या ॲलन डलेसला जर्मन परराष्ट्र खात्यातला फ्रिट्झ कोल्बे कागद आणून देत होता, ही मोठी कमाई. उलट मार्च १९४४ मध्ये इटलीत रेल्वेचा बोगदा उडवायला पाठवलेले १५ जण गणवेशात पकडले गेले आणि त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. व्हॅटिकनमधून येणारी म्हणून जी माहिती थेट रूझवेल्टपर्यंत पोचत होती, ती एका भामट्या लेखकाने घरी बसून रचलेली निघाली. आणि डोनोव्हनच्या स्वतःच्या फर्ममधून आलेला त्याचा सहायक डंकन ली मॉस्कोला माहिती पुरवत होता. माणसं ओळखण्याची घाई हा डोनोव्हनचा मोठा दोष.

आपल्याकडेही त्याची माणसं होती. ब्रह्मदेशातल्या जपान्यांमागे लढणाऱ्या ‘डिटॅचमेंट १०१’चं ठाणं आसामातल्या नाझिरा इथे, चहाच्या मळ्यात होतं. तिथून कचिन टोळ्यांना शस्त्रं आणि शिक्षण मिळे. डिसेंबर १९४३ मध्ये डोनोव्हन तिथे आला आणि तुकडीप्रमुख कार्ल आइफ्लरबरोबर छोट्या विमानात बसून थेट जपानी आघाडीपलीकडे जाऊन आला. देशाची एवढी गुपितं डोक्यात असलेल्या माणसाने असं करणं शुद्ध बेजबाबदारपणा होता. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरही तो असाच उतरला. दुसरा धागा पुण्यापर्यंत येतो. लंडनमधल्या ओएसएस कचेरीचा प्रमुख विल्यम फिलिप्स याला रूझवेल्टने आपला खास प्रतिनिधी म्हणून १९४३ च्या सुरुवातीला दिल्लीला पाठवलं. फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचा उपवास केला. गांधीजींना भेटायची फिलिप्सची इच्छा व्हाइसरॉय लिनलिथगोने मोडून काढली. फिलिप्सने पुढे रूझवेल्टला इंग्रजांच्या हिंदुस्थानविषयक धोरणावर कडक शब्दांत लिहिलं.

नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनोव्हनने शांतताकाळासाठी कायमच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेचा आराखडा दिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तो फुटला. ‘शिकागो ट्रिब्यून’ने त्याला अमेरिकन गेस्टापो, म्हणजे नाझींसारखे गुप्त पोलीस, ठरवलं. कागद कुणी फोडला यावर डोनोव्हनचा संशय अर्थातच हूव्हरवर. लष्कर आणि परराष्ट्र खात्यातही त्याचे मित्र थोडेच होते. एप्रिलमध्ये रूझवेल्ट गेला, आणि ट्रूमनला या माणसाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. २० सप्टेंबरला ट्रूमनची हुकमावर सही झाली, १ ऑक्टोबर १९४५ पासून ओएसएस बंद. प्राध्यापक परराष्ट्र खात्यात गेले, हेर युद्ध खात्यात. डोनोव्हन न्यूरेंबर्गला, नाझी नेत्यांवरच्या खटल्यात, अमेरिकेचा मुख्य वकील रॉबर्ट जॅक्सनच्या मदतीला गेला. खटला जिवंत साक्षीदारांवर उभा करावा असं त्याचं म्हणणं, जॅक्सनचा भर कागदपत्रांवर. कागदांवर खटले उभे करून मोठा झालेला माणूस इथे नेमका उलट बाजूला होता! नोव्हेंबरअखेर तो निघून गेला.

१९४७ ला सीआयए झाली ती बऱ्याच अंशी त्याच्याच आराखड्यावर, पण त्याच्याशिवाय. १९५३ मध्ये संचालकपद डलेसला, त्याच्या जुन्या हाताखालच्या माणसाला मिळालं. रिचर्ड हेल्म्स, विल्यम कोल्बी, विल्यम केसी हे पुढचे संचालकही ओएसएसमधलेच. सत्तरीच्या डोनोव्हनला आयझेनहॉवरने राजदूत म्हणून थायलंडला पाठवलं. वर्षभरात तो परतला. ८ फेब्रुवारी १९५९ ला तो वारला.

मधल्या काळातलं एक प्रकरण मात्र सांगण्याजोगं. चीनमध्ये माओ आल्यावर राष्ट्रवादी सरकारची सत्तरएक विमानं हाँगकाँगच्या धावपट्टीवर अडकली. त्यांच्यावर सिव्हिल एअर ट्रान्स्पोर्ट या अमेरिकन कंपनीने हक्क सांगितला आणि १९५० च्या सुरुवातीला डोनोव्हन तिच्या बाजूने हाँगकाँगला जाऊन थडकला. तिथली न्यायालयं विरोधात गेली. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, पोचला आणि १९५२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तोवर ती कंपनी गुपचूप सीआयएच्या मालकीची झालेली होती.