चिकित्सालयीन मानसशास्त्रातील डॉक्टरेट

मनोविकारांचे मापन, निदान आणि मानसोपचार यांच्याशी संबंधित शाखेतील सर्वोच्च पदवी. शाखेचे ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव अधिक रुळलेले आहे. पीएच.डी. आणि साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) हे डॉक्टरेटचे दोन मुख्य मार्ग.

दोन वाटा फुटल्या त्या अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करायला माणसे अपुरी पडू लागली. तेव्हा १९४९ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथील परिषदेत ठरले, की उपचार करणाऱ्याला संशोधनही यावे. पीएच.डी.चा साचा तिथे पक्का झाला. पण प्रबंधात वर्षे घालवलेल्या विद्यार्थ्याला रुग्णासमोर बसण्याचा सराव कमी पडतो, ही तक्रार राहिलीच. इलिनॉय विद्यापीठाने १९६८ मध्ये साय.डी. सुरू केली, कोलोरॅडोतीलच व्हेल (Vail) या गावी १९७३ मध्ये भरलेल्या परिषदेने तिला मान्यता दिली. तिच्यात भर प्रत्यक्ष उपचारांवर असतो. खर्चातला फरकही मोठा आहे: पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, साय.डी.साठी अनेकांना कर्ज काढावे लागते. एक वर्षाची इंटर्नशिप आणि राज्याचा परवाना मात्र दोघांनाही चुकत नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट हीच रूढ वाट आहे.

भारतात गणित वेगळे आहे, आणि सांगली-साताऱ्याकडच्या विद्यार्थ्यांची गफलत होते ती इथेच. विटा किंवा कोरेगावची एखादी मुलगी शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून मानसशास्त्रात एम.ए. होते, सेट-नेट देते, ऊसतोड कामगारांच्या मुलांमधील चिंतेवर प्रबंध लिहून पीएच.डी. मिळवते. नावामागे ‘डॉ.’ लागते, प्राध्यापकीची वाट मोकळी होते. पण केवळ या पदवीवर तिला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, या व्यवसायाचे नियमन करणारी संस्था) मान्य केलेले, रुग्णालयात देखरेखीखाली घेतलेले प्रशिक्षण आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील व्याख्याही याच प्रशिक्षणाला धरून आहे. एम.ए.ला प्रवेश घेतानाच हे कोणीतरी समजावून सांगायला हवे. पाच-सहा वर्षे गेल्यावर कळले, तर ती वर्षे भरून येत नाहीत.

हे प्रशिक्षण आजवर मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळत आले. त्याची सुरुवात बंगळूरला, आज निम्हान्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत, १९५५ मध्ये पदविका म्हणून झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली, या विषयाला मात्र २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची सवलत दिली. परिषदमान्य साय.डी. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पदवी आणि व्यवसायाचा हक्क त्यात एकत्र मिळतात, पण तो मोजक्याच ठिकाणी चालतो. एम.फिल.नंतर पीएच.डी. करणारेही पुष्कळ आहेत. अध्यापन आणि उपचार दोन्ही करू पाहणाऱ्याला ती वाट लांबची असली, तरी भक्कम आहे.

यांपैकी कोणतीही डॉक्टरेट भारतात औषधे लिहून देण्याचा अधिकार देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे, म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचे. जत-आटपाडीहून मिरजेला पेशंट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना दाराबाहेरच्या पाटीवर दोघांच्याही नावामागे ‘डॉ.’ दिसते. मानसशास्त्रज्ञाची पात्रता पडताळायची असेल, तर पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा.