दिवाणाखाली भुसा पडतोय?

सकाळी झाडलं, संध्याकाळी पुन्हा त्याच जागी पिठूळ पावडर. असा फोन आला की आम्ही पेस्ट कंट्रोलवाले आधी विचारतो, आसपास मातीच्या नळ्या दिसतात का? दिसल्या तर वाळवी, तिचा उपाय वेगळा. माती नाही, नुसती बारीक भोकं आणि भुसा असेल, तर लाकूड पोखरणारा भुंगेरा.

भोक पडलं म्हणजे कीड आत शिरली असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ती बाहेर पडल्याची खूण असते. मादी पॉलिश नसलेल्या लाकडाच्या रंध्रांत अंडी घालते. अळी आतला स्टार्च खात महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही जास्त, पोखरत राहते. वरून काही कळत नाही. वाढ पूर्ण झालेला भुंगेरा निघाला की एक-दोन मिलिमीटरचं भोक उरतं. त्यामुळे पॉलिशवरून फवारा मारून घेणं म्हणजे पैसे वाया. रॉकेलही खोलवर पोचत नाही, वर आगीची भीती.

"आमचं तर सागवान आहे!" हे रोजचंच. सागाचा तपकिरी गाभा टिकतो, पण कडेचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी किडीला चालतं. टिंबर मार्केटमध्ये फळी घेताना कडा बघून घ्या. बांबूत स्टार्च भरपूर, म्हणून बुरूड आळीतली टोपलीसुद्धा भुसा गाळते. जुन्या बाजारातून आणलेली खुर्ची घरात घेण्याआधी उलटी करून तपासा. खालची बाजू सहसा कोरीच, म्हणजे बिनपॉलिशची असते. नवं फर्निचर करताना पॉलिशच्या आधी सुताराकडून बोरिक-बोरॅक्सचं द्रावण लावून घ्या. नंतरच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

आम्हाला बोलावण्याआधी एक करा. जुनी भोकं मेणाने बुजवा, खाली काळा कागद पसरा आणि उन्हाळ्यात निदान दोन महिने बघा. (दिवाण हलवला की जुन्या बोगद्यांतलाही भुसा सांडतो, त्याने घाबरू नका.) नवं भोक पडलं नाही, तर कीड बहुधा गेलेली आहे. भोकांत लांबी (पुट्टी) भरून घ्या, आमची गरज नाही.

नवी भोकं दिसली तर आम्ही सिरिंजने आत औषध सोडतो, कोऱ्या बाजूंना ब्रशने लावतो. आतल्या सगळ्या अळ्या एका फेरीत मरतील अशी हमी आम्ही देत नाही. पुन्हा तपासायला येतो. येण्याच्या दिवशी मात्र भुसा झाडू नका.