तिरप्या कमरेची गिटार आणि विजेचा सूर

अमरावतीकडच्या तिवसा-मोझरी पट्ट्यात भजन म्हटलं की खंजिरी आणि पेटी आलीच. अशा मंडळात एखाद्या पोराच्या मांडीवर ऑफसेट, म्हणजे तिरप्या कमरेची, इलेक्ट्रिक गिटार दिसली तर दचकू नका. बसून वाजवण्यासाठीच ती घडवली आहे. फेंडर कंपनीने 1958 मध्ये जॅझमास्टर काढली, तेव्हा कमरेच्या दोन खाचा समोरासमोर न ठेवता एक पुढे, एक मागे सरकवली. बसलेल्या वादकाच्या मांडीवर तोल राहावा, हा हेतू. ज्यांच्यासाठी केली त्या जॅझवाल्यांनी तिला फारसं विचारलं नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फ संगीतवाल्यांनी मात्र उचलून धरली. 1962 ची जॅग्वार तिची आखूड बहीण. तारेची लांबी साडेपंचवीसऐवजी 24 इंच, त्यामुळे त्याच तारांवर त्याच सुराला ताण सुमारे 11 टक्के कमी लागतो आणि बोटांना आराम पडतो.

पण गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की आजूबाजूच्या म्हाताऱ्यांचा प्रश्न ठरलेला: ‘काहून घुमते रे हे?’

तारांखालच्या पिकअपमध्ये चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत विद्युतदाब तयार होतो. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं हेच ते प्रवर्तन. आता वेढ्यांना काय माहीत, क्षेत्र तारेने हलवलं की भिंतीतल्या वायरिंगने? ट्यूबलाइटचा चोक, पंखा, अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांचं क्षेत्र सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतं. जॅझमास्टरचं वेटोळं रुंद आणि चपटं, म्हणजे या क्षेत्राला मिळणारी जागाही ऐसपैस.

या घुमण्यात 50 हर्ट्झसोबत त्याची दुप्पट, 100 हर्ट्झही असते. सर्वांत जाड तार तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीशी, दाबून छेडा. तो सूर 98 हर्ट्झचा. दोन्ही आवाज एकत्र आले की सेकंदाला दोनदा चढउतार ऐकू येतो. तंबोरा जुळवताना कानाला लागते तशीच ही लहर. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, तिथे या फ्रेटवर ही गंमत नाही.

गिटार धरून जागच्या जागी हळूहळू वळलात तर एका दिशेला घुमणं बरंच बसतं, कारण क्षेत्र वेटोळ्यातून आरपार न जाता कडेने जातं. जॅझमास्टरमध्ये याहून चलाख सोय आहे. तिच्या दोन पिकअपचे वेढे एकमेकांच्या उलट आणि चुंबकांचे ध्रुवही उलट. पिकअप निवडायचा स्विच मधे ठेवला, म्हणजे दोन्ही चालू केले, की बाहेरची घरघर एकमेकींना खोडते. तारेच्या आवाजाला मात्र दोनदा उलटल्यामुळे फरक पडत नाही, तो बेरजेतच राहतो. मला तरी या गिटारमधली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

तारांना हात लावल्याबरोबर थांबते ती किरकिर मात्र वेगळी. ती विद्युत क्षेत्राची. तारा अ‍ॅम्प्लिफायरमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. हात लागला की आपलं शरीर अँटेना राहत नाही. आणि इथे आपली काळी जमीन मधे येते. वैशाखात ती भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि कोरड्या मातीतून वीज जमिनीत उतरणं अवघड होतं. म्हणूनच जाणते शेतकरी मोटरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात, उन्हाळ्यात वरून पाणी सोडतात.

गिटारवाल्या घरानेही तेच करावं. थ्री-पिनची मोठी, अर्थिंगची पिन मोडून सॉकेटमध्ये घुसवणारे खूप भेटतात. त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांवरच करंट उतरतो, आणि ओठ माइकला टेकले की तो तोंडावाटे वाट काढतो. तारांना टेस्टर लावून तो पेटला, तर आधी वायरमनला बोलवा.