मोटारगाडीतील फेरबदल : दर्शनी व कार्यक्षमताविषयक

कारखान्यातून आलेल्या गाडीत मालकाने करून घेतलेले बदल. रॅप (गाडीवर चिकटवलेले रंगीत आवरण), बॉडी किट (बंपर, स्कर्ट असे बाहेरून जोडलेले भाग), दिवे हे दर्शनी. रीमॅप (इंजिनाच्या संगणकातील मांडणी बदलणे), एक्झॉस्ट, ब्रेक, सस्पेन्शन हे कार्यक्षमताविषयक. यांपैकी खरे कोणते, यावर हौशी मंडळींत जुना वाद आहे.

उगमाविषयी दोन मते आढळतात. एक मत ही परंपरा श्रीमंतांच्या फर्माईशीवर बॉडी बांधणाऱ्या कोचबिल्डरांकडे नेते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची १९३०–४० या दशकाच्या मध्यातील ड्यूसेनबर्ग एसजे हा त्याचा आवडता दाखला : सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) लावलेली अमेरिकन चासी (गाडीचा सांगाडा) आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगची बॉडी. ३२० अश्वशक्तीचा आकडा कंपनीचा आहे, तो बेतानेच घ्यावा. मात्र ही गाडी मुळातच मागणीनुसार घडलेली. तिला फेरबदल म्हणणे कठीण. म्हणून कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांवर मडगार्ड उतरवून पळवलेल्या हॉट रॉडपासून (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांपासून) उगम मानणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथे वजन घटवताना आलेले रूपच पुढे शैली बनले. दुसऱ्या महायुद्धानंतर छप्पर कापून ठेंगण्या केलेल्या आणि सांध्यांत शिसे भरलेल्या गाड्या देखण्या झाल्या, पण जडही. दोन पंथांची फाटाफूट बहुधा याच सुमारास स्पष्ट झाली.

वादाचे मूळ असे की काही भाग दोन्हीकडे मोडतात. अलॉय (मिश्रधातूची चाके) हे ठळक उदाहरण. १८५/६५ आर१५ (टायरची रुंदी मिमी.त, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) ऐवजी १९५/५५ आर१६ घेतल्यास चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिमी.च राहतो. हौसेने २१५/५५ आर१७ बसवल्यास तो ६६८ मिमी. होतो : मीटर ताशी १०० किमी. दाखवतो तेव्हा गाडी सुमारे १०७ ने धावते, पिकअप मंदावतो, वळताना टायर लायनरला (चाकावरच्या आतील आवरणाला) घासतो. शिवाय जड रिम स्प्रिंगच्या खाली असल्याने खड्ड्यांत डँपर (धक्के शोषणारे भाग) लवकर थकतात. स्पॉयलरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किमी.ला तो १२०च्या चौथाई असतो, त्यामुळे शहरात तो शोभेपुरताच उरतो.

उलट, कार्यक्षमतेची बाजूही निर्दोष नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंच; हवेचा दाब सुमारे ६ टक्के कमी, म्हणून टर्बो (एक्झॉस्टच्या झोतावर चालणारा हवेचा पंप) नसलेल्या इंजिनाची ताकद तितकीच घटते. त्यात ताकदीसाठी बसवलेला उघडा एअर फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो : ४० ऐवजी ६० अंशांची हवा गेल्यास घनता आणखी ६ टक्के उतरते. आवाज मात्र वाढतो, म्हणून मालकाला गाडी जोरकस वाटते. टर्बो गाडीत रीमॅपचा लाभ खरा असतो. पण वाढलेल्या ताकदीने क्लच घसरतो, आणि कमी ऑक्टेनच्या (लवकर पेटणाऱ्या) पेट्रोलवर इग्निशन पुढे घेतल्यास (ठिणगी लवकर पाडल्यास) नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, होऊन पिस्टन फुटू शकतो. टायर, ब्रेक पॅड व ब्रेक ऑइल, मग सस्पेन्शन आणि ताकद शेवटी, हाच बदलांचा क्रम योग्य.

कायदा हा भेद मानत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच उचलून धरले.